काउंटर सोडा, ऑनलाइन व्हा म्हणे!

काउंटरमागचा (धागाकर्ता)

काल बॅचच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. ‘फार्मसिस्ट बंधू-भगिनींनो, किती दिवस काउंटरमागे उभं राहून पाय सुजवणार?’ अशी सुरुवात. पुढे घरबसल्या कमवायचे मार्ग : स्वतःचा प्रोटीन-व्हिटॅमिनचा ब्रँड काढा, इन्स्टावर हेल्थ कोच व्हा, ऑनलाइन फार्मसी टाका. शेवटी अर्थातच ‘माझं तीन दिवसांचं वर्कशॉप’. खाली आमच्याच बॅचच्या पोरांची ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड’ अशी रांग. डोकं फिरलं म्हणून इथे लिहितोय, ग्रुपवर लिहिलं असतं तर ॲडमिनने काढलं असतं. ॲडमिनचाच मेहुणा आहे तो.

ऑनलाइन फार्मसी टाका म्हणे. कुठल्या परवान्यावर? ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला, तो मसुदाच राहिला. त्याच डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, मद्रास हायकोर्टाने बंदी घातली आणि महिन्याच्या आत तिथल्याच डिव्हिजन बेंचने ती स्थगित केली. मोठ्या कंपन्या या फटीत तंबू ठोकून बसल्यात, कारण त्यांच्याकडे वकील आहेत. तुमच्या-माझ्या फॉर्म २० आणि २१ वर, म्हणजे औषधविक्रीच्या परवान्यांवर, दुकानाचा पत्ता असतो, वेबसाइटचा नाही.

स्वतःचा ब्रँड म्हणजे बद्दीच्या नाहीतर हरिद्वारच्या थर्ड पार्टीकडून, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यातून, डबे भरून आणायचे आणि वर आपलं लेबल. करा की! पण त्याला फार्मसिस्ट कशाला लागतो? एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायचं, लायसन्स आमच्या गल्लीतल्या फरसाणवाल्याकडेही आहे. आणि कोच होऊन एखादं औषध हातात धरून ‘शुगर मुळापासून बरी’ म्हणालात की १९५४ चा मॅजिक रेमेडीजचा, म्हणजे असल्या औषधी जाहिरातींवर बंदी घालणारा, कायदा आहेच. डायबेटिस, बीपी, लठ्ठपणा सगळे त्याच्या यादीत आहेत. ज्युरिसप्रुडन्सच्या (औषध कायद्यांच्या) पेपरला पाठ केला होता ना सगळ्यांनी?

आपल्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट आहे, रजिस्ट्रेशन. औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. त्या सक्तीमुळे आपल्याला कुणी विचारतंय. ही पोस्टवाली मंडळी नेमकी तीच सोडून उरलेलं सगळं विकायला सांगतात.

उंचभरारी

इतका नकारात्मक धागा बऱ्याच दिवसांत वाचला नाही. ती पोस्ट माझी नाही, पण मी तेच करतो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. डी.फार्म करून तालुक्याच्या गावी मेडिकलवर बारा हजारांवर होतो. मालक डबा खायलाही मागच्या खोलीत पाठवायचा. आज माझं त्वचेच्या काळजीचं चॅनेल आहे, ब्रँड स्वतःहून विचारतात. फरसाणवाल्याला नायसिनमाइड आणि सॅलिसिलिक ॲसिडमधला फरक माहीत नसतो, मला असतो. लोक त्या फरकाचे पैसे देतात. तुम्ही मसुदे मोजत बसा.

काउंटरमागचा

ब्रँड पैसे देतात, लोक नाही. दोन्हींत फरक आहे. एखाद्या व्हिडिओत ‘हे क्रीम घेऊ नका’ म्हणून बघा, मग कळेल कुणाचं मीठ खाताय.

उंचभरारी

म्हटलंय. स्टेरॉइडच्या गोऱ्या होण्याच्या क्रीमवर सलग तीन व्हिडिओ आहेत. बघायची तसदी न घेता लिहिण्यात तुमच्या पिढीचा हातखंडा.

डे_झिरो

भांडा, पण एक मार्ग दोघांनीही सोडलाय. मी ठाण्याला फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याच्या कामात) आहे, आठवड्यातून तीन दिवस घरून. औषधाने कुणाला काही झालं की केस येते, ती हातात पडली तो डे झिरो. तिथून घड्याळ सुरू. सिरियस आणि लेबलवर नसलेलं काही असेल तर १५ दिवसांत रेग्युलेटरकडे गेलंच पाहिजे. परवा एकाने नुसतं ‘गरगरतं’ एवढंच कळवलेलं. ते मेडड्रात, म्हणजे दुष्परिणामांच्या ठरलेल्या शब्दयादीत, डिझिनेस म्हणून टाकायचं की व्हर्टिगो, यावर माझी आणि रिव्ह्यूअरची अर्धा तास जुंपली. तिथे मला बी.फार्मचं फार्माकॉलॉजी रोज लागतं. कुणाला पावडरचे डबे विकावे लागत नाहीत, नाचावंही लागत नाही.

चित्र एकतर्फी नको म्हणून हेही सांगते : या खुर्चीत बीडीएसवाले (दातांचे डॉक्टर) आणि लाइफ सायन्सवालेही बसतात, सुरुवातीचा पगार बेताचा, आणि साध्या केसेस आता सॉफ्टवेअर परस्पर भरू लागलंय. मेडिकल कोडिंगमध्ये तर फार्मसीची अटच नाही, आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी) येणारा कुणीही चालतो.

मेडिकलवाले_काका

तुम्हा सगळ्यांचं ऑनलाइन चालतं आमच्या जिवावर. महिन्याची बीपी-शुगरची औषधं अ‍ॅपवरून, आणि रात्री साडेअकराला बाळाला ताप आला की शटर वाजवायला आम्ही! किंमत नियंत्रणातल्या औषधावर आम्हाला १६ टक्के धरलेत. अ‍ॅप २० टक्के सूट देतं. चार टक्के काय सासऱ्याकडून आणू? वर गिऱ्हाईक मोबाइल नाचवत विचारणार, ‘तुमच्याकडे का नाही कमी?’ स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापून घेणार आणि त्यावरही सूट मागणार. उरलेल्या सहा गोळ्यांवर बॅच नंबर आहे तर एक्सपायरी नाही, एक्सपायरी आहे तर बॅच नाही. त्या एक्सपायर झाल्या की स्टॉकिस्ट म्हणतो कापलेली स्ट्रिप परत घेत नाही. कुठल्या वर्कशॉपात शिकवतात हे?

शेड्यूल_एच१

काका, ते १६ टक्के पीटीआरवर, म्हणजे दुकानदाराला पडणाऱ्या किमतीवर. एमआरपीवर काढाल तर चौदासुद्धा भरत नाहीत. तुमची केस तुम्ही समजता त्याहून वाईट आहे. :)

बाकी त्या सवलती कुणाच्या खिशातून गेल्या तेही बघा. फार्मइझी या औषधांच्या अ‍ॅपने २०२१ मध्ये थायरोकेअर ही तपासण्यांची लॅब घेतली आणि २०२३ मध्ये शेअरची किंमत नव्वद टक्के उतरवून भांडवल उभं करावं लागलं. गिऱ्हाइकाला सूट गुंतवणूकदाराच्या पैशातून मिळाली. तोवर गल्लीतली दुकानं मात्र मोडली.

उमा_बीफार्म

गेली बरीच वर्षं मी सासऱ्यांच्या दुकानात बसते, रोज, भिंतीवरच्या माझ्या फार्मसिस्टच्या सर्टिफिकेटच्या खाली. एकच प्रसंग सांगते. संधिवाताच्या एक आजी मेथोट्रेक्सेट न्यायच्या. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. एकदा आठव्या दिवशीच नातू रिकामी स्ट्रिप घेऊन दारात. ‘संपली, अजून द्या.’ मी स्ट्रिप हातात घेतली आणि पोटात गोळा आला. आजींना बोलावलं, तोंड उघडायला सांगितलं तर आतून सगळं सोललेलं. घरी नवीन सून गोळ्या द्यायला लागली होती, ती रोज एक देत होती. दुकान तसंच टाकून रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. वाचल्या. अ‍ॅपने काय केलं असतं? ‘रीऑर्डर’चं बटण दाबून घेतलं असतं.

खरंच_का

उमाताई, तुम्हाला सलाम, पण एक टोचणारा प्रश्न. तुमच्या शेजारच्या दोन मेडिकलमध्ये त्या वेळी काउंटरवर कोण होतं? आमच्या भागातल्या दुकानात सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये एक बाई आहेत, काउंटरवर बारावी नापास पोरगा. मी दहा वर्षं तिथला गिऱ्हाईक, त्या बाई फ्रेमबाहेर कधी दिसल्या नाहीत. अ‍ॅपवाल्यांकडे निदान कुणीतरी चिठ्ठी तपासून फोन करतो. धागाकर्ते म्हणतात विकण्यासारखं एकच, रजिस्ट्रेशन. अर्धा महाराष्ट्र तेच तर विकतोय, भाड्याने.

निवांत_क्यूए

त्यात काय एवढं? मी एका कारखान्यात क्यूएला (गुणवत्ता खात्यात) आहे. माझं सर्टिफिकेट मामेभावाच्या मेडिकलमध्ये लावलंय. दर महिन्याला पैसे येतात. पांढरा कोटही तिथेच खुंटीला आहे. चार वर्षं हॉस्टेलवर राहून मिळवलंय, माझी मालमत्ता आहे. फ्लॅट भाड्याने देता तेव्हा कुणी विचारतं का की तुम्ही आत झोपता का?

उमा_बीफार्म

फ्लॅटमध्ये कुणी मरत नाही हो चुकीच्या गोळीने! लाज वाटायला हवी, आणि हे चारचौघांत लिहिताय. मामेभावाच्या दुकानात उद्या अशाच आजी आल्या तर तिथे कोण ओळखणार? तुमचा कोट?

निवांत_क्यूए

ताई, सासऱ्यांचं दुकान असलं की नीतिमत्ता परवडते. मी बाहेर नोकरी मागायला गेलो तेव्हा मालकांनी बारा तासांचे तेरा हजार सांगितले, आणि सर्टिफिकेट नुसतं ‘लावायला’ वेगळा भाव. न येण्याचे पैसे जास्त पडत होते. लाज मला की त्यांना?

मेडिकलवाले_काका

निवांतराव, तुमच्यासारख्यांमुळे आम्ही पगारावर माणूस ठेवणारे वेडे ठरतो. शेजारी सर्टिफिकेट भाड्याचं, खर्च निम्मा, तो सूट देतो. आठवतंय का, महेश झगडे राज्याच्या एफडीएचे (अन्न-औषध प्रशासनाचे) आयुक्त होते तेव्हा दुकानात फार्मसिस्ट खरोखर हजर आहे का हे बघायला इन्स्पेक्टर येऊ लागले. आपल्याच संघटनांनी बंद पुकारले! मीही शटर ओढलं होतं. सगळ्यांनी ओढलं, मी एकटा उघडं ठेवून दगड खाऊ का?

शेड्यूल_एच१

म्हणजे कायदा अ‍ॅपवाल्यांनी पाळावा आणि आपल्याला मात्र समजून घ्यावं. छान. एच१ यादीतल्या, म्हणजे जास्त कडक नियमांच्या, औषधांचं रजिस्टर मार्च २०१४ पासून आहे : रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, तीन वर्षं जपून ठेवायचं. किती दुकानांत ते रोजच्या रोज भरतात आणि किती ठिकाणी इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री एकाच पेनाने?

काउंटरमागचा

धागा कुठे चाललाय? मी वर्कशॉपवाल्यांवर लिहिलं होतं.

खरंच_का

बरोबर ठिकाणी चाललाय. तुम्ही म्हणालात सक्तीमुळे आपली किंमत. सक्ती भिंतीवर टांगता येत असेल तर किंमत भिंतीची.

वाड्यावरचे_सर

मी एका फार्मसी कॉलेजात शिकवतो, नाव विचारू नका. मूळ दुखणं कॉलेजांत आहे. पीसीआयने (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने) २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली, ती २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही, कारण नुसत्या ठरावाने असा हक्क काढून घेता येत नाही. निकाल कायद्याने बरोबरच. पण त्यानंतर पेव फुटलं ते बघा. साखर कारखान्याच्या आवारात डी.फार्म, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बी.फार्म. प्रॅक्टिकलला कायमोग्राफचा (आलेख काढणाऱ्या यंत्राचा) ड्रम नाही, मुलांनी आलेख पेन्सिलने काढायचे. ५०० तासांचं ट्रेनिंग कुणीतरी ओळखीच्या मेडिकलमधून शिक्का मारून आणतं. अशा मुलाला फ्रेममध्ये जायचं नाही तर कुठे जायचं? तुम्ही त्याला वर्कशॉपपासून वाचवायला निघालात. त्याला कॉलेजापासून कोण वाचवणार?

उंचभरारी

सर, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. मीही त्याच पेन्सिलवाल्यांतला. म्हणून यूट्यूबवर शिकलो आणि यूट्यूबवरच कमावतो.

शारजाकर

आखातात या रे! डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) करा, परीक्षा द्या, आणि फार्मसीत खरोखर फार्मसिस्ट म्हणून उभे राहा. तिकडे फ्रेममधली बाई चालत नाही. अमेरिकेचं मात्र मनातून काढा. २००३ पासून पास झालेल्यांना एफपीजीईईला, म्हणजे तिथल्या परदेशी फार्मसिस्टांच्या परीक्षेला, पाच वर्षांचा कोर्स लागतो, आपलं बी.फार्म चारचं. फार्म.डी.वाले बसू शकतात. मी हे तिसऱ्या वर्षाला कळल्यावर दोन दिवस जेवलो नव्हतो.

डे_झिरो

मेथोट्रेक्सेटबद्दल : उमाताई, ती केस तुम्ही पीव्हीपीआयला (दुष्परिणाम नोंदवण्याच्या सरकारी कार्यक्रमाला) कळवली होती का? मेडिकेशन एररही कळवतात, कंपनीलाही. सगळ्यांनी कळवलं तर स्ट्रिपवर ‘आठवड्यातून एकदाच’ अजून ठळक छापायला लागेल.

उमा_बीफार्म

नाही कळवली. आजींना बाकावर बसवून सलाइनची बाटली धरून उभी होते मी. फॉर्म भरायला हात मोकळा नव्हता. तुमचं घड्याळ डे झिरोपासून सुरू होतं, आमचं शटर उघडल्यापासून.

…बरं, फॉर्मची लिंक पाठवा. पुढच्या वेळी भरेन.

काउंटरमागचा

आता मी एकदाच लिहितो. डे_झिरो यांचं काम फार्मसिस्टचं आहे, घरून होतं, कुणाला फसवत नाही. मान्य. पोस्टवाल्याने तेवढं एक लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण त्यात वर्कशॉप विकता येत नाही ना. उंचभरारींचे स्टेरॉइडवाले व्हिडिओ बघितले. दुसरा चांगला आहे. पहिल्यात पार्श्वसंगीत असह्य आहे. ऑनलाइन फार्मसीबद्दल एक शब्दही मागे घेत नाही.

उंचभरारी

‘दुसरा चांगला आहे.’ फ्रेम करून लावतो. भाड्याने हवी असल्यास सांगा.

निवांत_क्यूए

सगळे माझ्यावरच तुटून पडलात ना? काढून घेतो मामेभावाकडून सर्टिफिकेट. मेडिकलवाले काका, तुम्ही प्रामाणिक माणूस. तुमच्याकडे जागा आहे का?

मेडिकलवाले_काका

आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दुपारी दोन तास सुट्टी, रविवारी अर्धा दिवस. स्वतः उभं राहायचं. सोळा हजार देईन.

निवांत_क्यूए

रविवारीपण?

मेडिकलवाले_काका

अर्धा.

निवांत_क्यूए

मग राहू द्या.