स्टेम सेल उपचार: "थांबायला वेळ नाही" आणि "पुरावा नाही" यांच्यामध्ये नेमकं विचारायचं काय?

मृद्गंध
मोटर न्यूरॉनचा आजार, मणक्याची दुखापत, ऑटिझम, गुडघ्याची झीज. आजार कुठलाही असो, रुग्णांच्या गटात स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींचा, विषय निघाला की तासाभरात दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, पेशी माझ्याच, शरीर माझं, धोका मी पत्करणार, मग मध्ये पडणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, सगळी फसवणूक आहे. ज्याला येत्या आठवड्यात होय की नाही ते कळवायचं आहे, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही.
या धाग्यावर कृपया अनुभव नकोत, ते भरपूर वाचायला मिळतात. दवाखान्याकडे कोणते कागद मागायचे, "फरक पडला" हे कशावर तपासायचं आणि रुग्णांच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे, एवढं जाणकारांनी सांगावं.

अनुस्वार
आधी "स्टेम सेल" हा शब्द फोडू या. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचं रोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा सिद्ध उपचार आहे. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये त्याचे पहिले प्रयत्न जाहीर केले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रसायनाने भाजलेल्या डोळ्यासाठी बुबुळाच्या कडेच्या पेशी वाढवून लावण्याच्या उपचाराला युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळाली. जाहिरातीत ज्या पेशी विकल्या जातात त्या बहुतेक वेळा या दोन्हींपैकी नसतात. त्या असतात मेझेंकायमल पेशी, चरबीतून, अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या. हे नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये "नाव बदला" असं लिहिलं. कारण टोचलेल्या या पेशी नवा चेतातंतू किंवा नवी कूर्चा होऊन बसत नाहीत. त्या रसायनं सोडून शेजारच्या पेशींना इशारे देतात आणि बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात.

शिरेतून दिलं तर अजून एक अडचण. शिरेतलं रक्त उजव्या हृदयातून थेट फुप्फुसात जातं. प्रयोगशाळेत वाढवलेली मेझेंकायमल पेशी साधारण १५ ते ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फुप्फुसातल्या केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या. बहुतेक पेशी तिथेच अडकतात. "सलाईनमधून दिलेल्या पेशी मेंदूतली दुखापत शोधून काढतात" असं कुणी म्हटलं, तर दिल्यानंतर पेशी कुठे किती पोचल्या याचा प्रसिद्ध झालेला अभ्यास मागा. पेशींच्या गुठळ्या झालेल्या असतील तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडथळाही होऊ शकतो.

"त्याच दिवशी, तुमच्याच चरबीतून" या प्रकारात पोटाची चरबी ओढतात, कोलॅजनेज हे विकर (एन्झाइम) घालून ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी बसलेला गाळ टोचतात. त्या गाळात रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, तांबड्या-पांढऱ्या पेशी असतात, मेझेंकायमल पेशी थोड्याच. तेव्हा "इतक्या कोटी पेशी दिल्या" म्हटलं की कोणत्या पेशी ते विचारा. विकर नीट धुतलं गेलं नसेल तर तेही सुईतून आत जातं.

मागायचा कागद एकच: तुम्हाला दिल्या जाणाऱ्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र. माहितीपत्रक नको, शेजारच्या रुग्णाचा रिपोर्ट नको. त्यात जिवंत पेशींचं प्रमाण असावं, गोठवलेला माल असेल तर वितळवल्यानंतरचं. ७० टक्क्यांच्या खालचं बहुतेक ठिकाणी नाकारतात. एंडोटॉक्सिनचं, म्हणजे जिवाणूंपासून येणाऱ्या विषाचं, प्रमाण असावं; शिरेतल्या औषधासाठी मर्यादा दर किलो वजनाला तासाला ५ एकक. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू नसल्याची चाचणी असावी. पेशींची ओळख पटवणाऱ्या पृष्ठभागावरच्या खुणांमध्ये सीडी ७३, ९० आणि १०५ किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी ३४ आणि ४५ फार तर २ टक्क्यांवर. वाढवलेल्या पेशी असतील तर कितव्यांदा वाढवल्या आणि गुणसूत्रं तपासली का. दुसऱ्याच्या पेशी असतील तर दात्याच्या एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या चाचण्या. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या कल्चरला १४ दिवस लागतात, म्हणजे ताज्या मालाचा निकाल टोचून झाल्यावरच येणार. तो कोण कळवणार, हे आधीच लिहून घ्या. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या मालातून १२ जणांना जिवाणूसंसर्ग झाल्याची नोंद आहे, त्यात आतड्यात राहणारे ई. कोलायसारखे जिवाणूही होते.

तळटीप
अनुस्वार यांनी मालाबद्दल लिहिलं, मी "फरक पडला" याबद्दल लिहितो. एएलएस या मोटर न्यूरॉनच्या आजारासाठीच्या नुरओन या पेशी-उपचाराचं उदाहरण नीट पाहा. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी, कण्यातल्या द्रवात टोचलेल्या. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत प्रकृती ढासळण्याचा वेग मोजपट्टीवर महिन्याला किमान १.२५ गुणांनी सुधारला तर "प्रतिसाद" धरायचा, असं आधीच ठरलं होतं. २८ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांत असे सुमारे ३३ टक्के निघाले आणि प्लासिबो (औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन) मिळालेल्यांत सुमारे २८ टक्के. पेशी न मिळालेल्या दर दहांतल्या जवळजवळ तिघांची स्थिती "सुधारली". तुलनेचा गट नसता तर तेही मनापासून "मला फायदा झाला" म्हणाले असते, आणि ते खोटं बोलत नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीसमोर रुग्णांनी बाजूने कळकळीने साक्षी दिल्या. मतं पडली १७ विरुद्ध १, उपचाराच्या विरोधात. तो दिवस दोन्ही बाजूंना जड गेला असणार.

गुडघ्याचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ४७५ रुग्णांमध्ये अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींच्या पेशींची स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी तुलना केली. वर्षभरानंतर एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. ऑटिझमच्या २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांमध्ये नाळेचं रक्त दिलं, सामाजिक संवादाच्या मुख्य निकषावर फरक दिसला नाही.

म्हणून दवाखान्याने "आमच्या रुग्णांत सुधारणा" म्हटलं की उपचाराच्या आधी कोणत्या मोजपट्टीवर किती गुण होते, नंतर कोणी मोजले आणि मोजणाऱ्याला उपचार माहीत होता का, हे विचारा. सोबत रोज फिजिओथेरपी चालू होती का, हेही विचारा. पॅकेजमध्ये ती बहुधा असतेच. मणक्याच्या दुखापतीत पहिल्या सहा महिन्यांत आपोआप बरीच सुधारणा होते. त्या काळात टोचलेली कोणतीही गोष्ट गुणकारी वाटणार.

वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव असणं म्हणजे मंजुरी नव्हे. २०१७ मध्ये तीन वयस्कर महिलांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. मॅक्युलर डीजनरेशनसाठी, म्हणजे उतारवयातल्या दृष्टिपटलाच्या झिजेसाठी, चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचल्या आणि तिघींची दृष्टी गेली. तिथेही नोंदवहीतला उल्लेख होता. पैसे घेतले होते आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी टोचले होते. खरी सुरुवातीची चाचणी आधी एकच डोळा घेते, तोही जास्त खराब असलेला, आणि पुढच्या रुग्णाला हात लावण्याआधी थांबून पाहते. "दोन्ही एकदम उरकू" म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

पायवाट
दोघांशी सहमत, पण रुग्णांची बाजू एवढ्यावर मिटत नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-कण्यावर उलटते; त्यासाठीचं केमोथेरपीसह रक्ताच्या स्टेम सेलचं रोपण बराच काळ टोकाचं समजलं जात होतं, त्याच्या २०१९ च्या चाचणीत ११० रुग्ण होते. औषधांच्या गटात ३४ जणांचा आजार पुढे सरकला, स्टेम सेल रोपणाच्या गटात ३ जणांचा. मात्र तिथे खरं काम केमोथेरपी करते, ती बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसते. पेशी फक्त रक्त पुन्हा उभं करतात. हा दाखला देऊन कुणी नाळेच्या पेशींचं सलाईन विकत असेल तर दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव देऊन विकतो आहे. टाइप १ मधुमेहातही २०२५ मध्ये स्टेम सेलपासून बनवलेल्या इन्सुलिनपेशी देऊन १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवून. तेव्हा आशा धरणाऱ्याला वेडा ठरवणाऱ्या टीकाकारांचं मला पटत नाही. अशाने माणूस विचारायचं सोडतो आणि गुपचूप जातो.

"गमावण्यासारखं काही उरलेलं नाही" हे मात्र तपासून घ्या. पक्षाघातातून सावरणाऱ्या ६६ वर्षांच्या एका गृहस्थाने वेगवेगळ्या देशांत जाऊन पेशी टोचून घेतल्या. त्याच्या मणक्यात दुसऱ्याच्या पेशींची गाठ वाढल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्याच्या पेशींमुळे एचएलए प्रतिपिंडं (परक्या पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्धची प्रतिपिंडं) तयार होऊ शकतात आणि पुढे मूत्रपिंड बसवायची वेळ आली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. आधी पेशी-उपचार घेतलेल्यांना पुष्कळ चाचण्या दारातूनच परत पाठवतात, म्हणून खऱ्या चाचणीची चौकशी आधी करा. धोका घेण्याचा हक्क मी मानतो. पण तो जिथे नोंदला जाईल, पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडेल, अशाच ठिकाणी घ्यावा. चाचणीत बसत नसाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना उत्पादकाकडे सहानुभूतीने वापराची, म्हणजे मंजूर नसलेला उपचार चाचणीबाहेर मिळण्याची, मागणी करायला सांगा. त्यासाठी नीतिसमिती आणि नियामक दोघांची परवानगी लागते. वेळ जातो, पण अर्ज एकाच वेळी चालू ठेवता येतात.

मृद्गंध
तिघांचेही आभार. दोन शंका उरल्या. "पेशी तुमच्याच, म्हणून औषधाचे नियम लागत नाहीत" हे खरं आहे का? आणि ज्यांनी आधीच टोचून घेतलं आहे त्यांनी आता काय करावं?

अनुस्वार
पहिल्याचं उत्तर अमेरिकेपुरतं स्पष्ट आहे. तिथल्या दोन अपील न्यायालयांनी, २०२१ आणि २०२४ मध्ये, विकराने वेगळ्या केलेल्या चरबीच्या पेशींवर औषध म्हणून नियमन लागू होतं असं ठरवलं. इतर देशांत नियम वेगळे असतील, पण विचारायचे प्रश्न तेच: पेशींवर किती प्रक्रिया केली, आणि त्यांचं शरीरातलं मूळ काम आणि आता अपेक्षित काम एकच आहे का? पोटाची चरबी गुडघ्यात किंवा कण्यात टोचताना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच येतं.

आधीच घेतलं असेल तर तारीख, जागा, मात्रा, पेशींचा स्रोत आणि बॅच क्रमांक मिळवा आणि नेहमीच्या डॉक्टरांना सगळं सांगा. त्यांनी रागावलं तरी सांगा. डोळ्यात टोचलं असेल आणि काळे ठिपके किंवा पडदा दिसू लागला तर त्याच दिवशी रेटिनाचे डॉक्टर. ताप, मान आखडणं किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय. टोचलेल्या जागी आठवड्यांनी, महिन्यांनी लाल गाठ किंवा पू आला तर मायकोबॅक्टेरियासाठी (क्षयाच्या जिवाणूच्या कुळातल्या जिवाणूंसाठी) वेगळं कल्चर करायला सांगा, नेहमीच्या कल्चरमध्ये तो निसटू शकतो. २०२२-२३ मध्ये मेक्सिकोत उपचार घेऊन परतलेल्या तीन अमेरिकी रुग्णांत मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस सापडला होता. मेंदूत किंवा कण्यात टोचलं असेल तर एमआरआय किती महिन्यांनी करत राहायचं ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा. मॉस्कोत गर्भाच्या चेतापेशी घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूतली गाठ पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी सापडली, म्हणून एक नॉर्मल रिपोर्ट आला की थांबू नका. आणि बॅच क्रमांक द्यायला दवाखाना टाळाटाळ करत असेल तर मागणी लेखी करा आणि तिची प्रत फाइलला लावून ठेवा.