एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलमधल्या स्ट्रायकरनं परदेशी जावं का?

टिळकवाडीकर
आमच्या गल्लीतला पोरगा, बेळगावच्या लेले मैदानावर वाढलेला, गोव्यात दोन हंगाम स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, म्हणून खेळला. आता युरोपातल्या खालच्या लीगमधल्या एका क्लबाचं बोलावणं आलंय. घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो, जाऊ दे त्याला. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात, आणि क्लब त्यातली एक जागा हमखास गोल मारणाऱ्याला देतात. आपलं पोर मग विंगवर, म्हणजे कडेला, नाहीतर बाकावर. त्यात 2025 मध्ये हंगामच लांबणीवर पडला, खेळाडू घरात बसून राहिले. स्ट्रायकरची गोल मारायची सवय गेली की परत येत नाही.

खानापूरकर
दादा, पटत नाही. सुनील छेत्री 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बन क्लबला गेला. भारताचा कॅप्टन, तरी त्यांच्या दुय्यम 'B' संघात, आणि तिथंही जेमतेम सामने. काही महिन्यांतच लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडं आला आणि 2012-13 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकली. खेळायला कुठं मिळालं? चोर्ला घाट उतरून गोव्यात! बाकावरच बसायचं तर तिकडच्या थंडीत कशाला?

टिळकवाडीकर
छेत्री तेव्हा 27 वर्षांचा होता. भारताच्या महिला संघातली मनीषा कल्याण 20 व्या वर्षी सायप्रसच्या अपोलोन क्लबला गेली आणि त्याच वर्षी युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. शिकायच्या वयात जाणं वेगळं असतंय.

शहापूरची आई
दोघंही खेळाचंच बोलताय, म्हणून लिहिते. माझा मुलगाही गेला होता. मध्यस्थानं ट्रायलसाठी साडेतीन लाख घेतले, आम्ही शेत गहाण टाकलं. तीन आठवडे नुसता सराव, एकही सामना नाही. व्हिसा संपला, परत आला. लोक विचारतील म्हणून दोन महिने मैदानाकडं फिरकला नाही. रात्री बूट पुसून परत पेटीत ठेवायचा, ते बघवत नव्हतं. या पोराकडं कुणी पैसे मागितलेत का, ते आधी सांगा.

कोच, कॅम्प
ताईंचा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. घ्यायचं मनात असलेला क्लब मुलाकडं पैसे मागत नाही. खरा करार झाला तर तिकडचं फेडरेशन आपल्या फेडरेशनकडं आयटीसी, म्हणजे खेळाडू सोडल्याचा दाखला, मागतं. शिवाय फिफाच्या नियमानं 12 ते 21 वयात ज्या क्लबांनी घडवलं त्यांना भरपाई मिळू शकते. आपल्याकडचे क्लब पोरांची नोंदणीच वेळेवर करत नाहीत, मग हक्क कशावर सांगणार? मला याचा फार राग येतो.

टिळकवाडीकर
ताई, पैशाचं मी विचारलंच नव्हतं. आत्ता त्याच्या बाबांना फोन केला. "तिकिटाचे आणि फायलीचे" म्हणून दीड लाख मागितलेत. करारपत्र अजून कुणी बघितलेलं नाही. उद्या सकाळी त्यांच्या घरी जातो. कोच, तुम्ही याल का?

खानापूरकर
मीही येतो. करार खरा निघाला तर माझी हरकत नाही. पण खेळवलं नाही तर लोनवर सोडायचं, हे त्यात लिहून घ्या.

कोच, कॅम्प
नऊ वाजता लेलेवर भेटू. पोरालाही आणा, त्याचं मत कुणी विचारलेलंच नाही.