पोहण्याची बॅच परत 12 ला कोणी केली?

ए-302: मुलांची बॅच पुन्हा दुपारी 12 ते 1? सोसायटीच्या मीटिंगमध्ये सकाळी 8 ठरलं होतं ना? उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण 10 ते 4 मध्येच सर्वांत तीव्र असतात, लेखी दिलंय मी.

सेक्रेटरी: नमस्कार. सकाळी प्रशिक्षक मिळत नाहीत. कृपया मुलांना सनस्क्रीन लावून पाठवावे. सहकार्याबद्दल धन्यवाद 🙏

सी-101: चार दिवस आभाळ आहे. कसलं ऊन नि कसलं काय!

बी-402 (डॉक्टर ताई): काका, पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. चटका बसत नाही म्हणून मुलं जास्त वेळ थांबतात, तिथेच घोटाळा होतो. हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा बघा. 3 झाला की काळजी घ्यायची, 8 च्या पुढे भरदुपारी पोहणं नकोच. ॲप नसेल तर सावली बघा. ती आपल्यापेक्षा आखूड झाली की आडोशाला जायचं.

ए-302: म्हणूनच सकाळी 8.

डी-203: एसपीएफ 50 चं सनस्क्रीन लावा, दिवसभर चिंता नाही 👍

बी-402 (डॉक्टर ताई): असं नाही हो दादा. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा. 30 वालं साधारण 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, 50 वालं 98. खरा फरक थराने पडतो. चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात, आपण निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेला तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला सुमारे 30 मिली. बाहेर पडण्याआधी 20 मिनिटं, मग दर 2 तासांनी. 'वॉटर रेझिस्टंट' पाण्यात 40 किंवा 80 मिनिटंच टिकतं, डबीवर लिहिलेलं असतं. टॉवेलने खसाखसा पुसलं की तेही गेलं. कान, मानेची मागची बाजू, पावलं हमखास राहतात. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. यूपीएफ हा कापडाच्या संरक्षणाचा आकडा. यूपीएफ 50 कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत जातो, आणि शर्ट क्रीमसारखा परत लावावा लागत नाही.

ई-104: पोहण्याच्या टाकीवरची सावलीची जाळी वर्षभर फाटलेली आहे, त्याचं काय?

खजिनदार: आपली थकबाकी जमा झाली की जाळीही होईल.

ई-104: विषय बदलू नका.

बी-402 (डॉक्टर ताई): जाळी बदलाच, पण भिंत, फरशी आणि पाण्यावरून किरण उलटून येतात. जाळी असली तरी शर्ट हवा.

सी-101: सावळ्या कातडीला उन्हाने त्वचेचा कॅन्सर होत नाही.

बी-402 (डॉक्टर ताई): कमी होतो, होत नाही असं नाही. सावळ्या लोकांत मेलानोमा (त्वचेचा घातक कॅन्सर) बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे नुसत्या क्रीमवर भागत नाही, अंग तपासावं लागतं. जमैकाचे गायक बॉब मार्ले यानेच 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी गेले, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून. अनेक नखांवर जुन्या बारीक काळ्या रेघा असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखात नवी रेघ आली, रुंदावत चालली किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिळाचे दोन भाग सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून जास्त, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, हेही बघायचं. पण सर्वांत महत्त्वाचं, तो बदलतोय का.

ए-302: ताई, धन्यवाद. बॅच सकाळी 8.

डी-203: गेटवरचे वॉचमन दादा सबंध दुपार उघड्यावर असतात. त्यांना छप्पर आणि तीन बोटं कड असलेल्या टोप्या द्या.

बी-402 (डॉक्टर ताई): कड चार बोटं तरी हवी, चौफेर. पुढेच झाप असलेल्या टोपीत कान उघडे राहतात.

सेक्रेटरी: टोप्या उद्या. 12 ची बॅच आजपासून बंद, प्रशिक्षक मिळेपर्यंत संध्याकाळी 5.

ए-302: 5 चालेल. आधी इंडेक्स बघा.