मदत हवी आहे: तेल वर चाललंय पण माझा तेलाचा फंड हलत नाही, विकू की धरून ठेवू?

भरतीओहोटी
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तेल वाढणार हे मला दिसत होतं म्हणून तेलाचा फंड घेतला. तेलामुळे बाकीची गुंतवणूक पडली तर इकडून भरून निघेल असा विचार होता. आता तेल वाढलंय, रोज बातम्यांत तेच चालू आहे, पण माझा फंड आहे तिथेच, उलट थोडा खालीच. आणि शेअरचे फंडही पडलेत म्हणजे दोन्हीकडून मार. विकू, धरून ठेवू, की अजून थोडे घेऊन सरासरी खाली आणू? उद्या बाजार उघडायच्या आत ठरवायचंय. सल्लागाराला विचारा असं कृपया सांगू नका, विचारून झालंय, तो स्वतःकडचंच काहीतरी गळ्यात मारत होता.

हिशोबी
कुठला फंड? तेल कंपन्यांचे शेअर घेणारा की क्रूडचे (कच्च्या तेलाचे) फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे खरेदी-विक्रीचे करार, घेणारा? कधी घेतला? बाकीच्या गुंतवणुकीत काय काय आहे? हे पैसे कधी लागणार आहेत? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

जुना_खेळाडू
अजिबात विकू नका. इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, तिथे जरा खुट्ट झालं की भाव कुठल्या कुठे जातो. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर बघितलाय आम्ही. तेलाशिवाय जगाचं पान हलत नाही, वर जाणारच. माझ्या मते अजून घ्या.

गणिताचा_तास
@जुना_खेळाडू, २००८ ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच वर्षी डिसेंबरात भाव चाळीस डॉलरच्याही खाली होता. जुलैमध्ये "वर जाणारच" म्हणून घेतलेल्यांचं पाच-सहा महिन्यांत काय झालं असेल बघा.
आणि युद्ध म्हणजे भाव वर हेही सरळ नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, दोन-अडीच महिन्यांत भाव दुपटीच्या आसपास गेला. मग १७ जानेवारी १९९१ ला हवाई हल्ले सुरू झाले, लोकांना वाटलं आता भडका उडणार, पण त्याच दिवशी भाव दहा डॉलरहून जास्त कोसळला, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश! भीती आधीच भावात मुरलेली होती.

भरतीओहोटी
फंडाच्या नावात क्रूड आहे म्हणजे फ्युचर्सवालाच असणार. पण तेल ते तेलच ना, काय फरक पडतो? बाकी नेहमीचेच फंड आहेत. विकू की नको ते सांगा ना.

सुरंगी
फरक खूप पडतो दादा. फंड काही तेलाची पिंपं गोदामात भरून ठेवत नाही, तो पुढच्या महिन्याचे करार घेतो आणि मुदत संपायच्या आधी ते विकून त्यापुढचे घेतो, ह्यालाच रोलओव्हर म्हणतात. समजा चालू महिना ८० ला आहे आणि पुढचा ८२ ला, तर फंड ८० ला विकून ८२ ला घेणार. महिन्याने तेल ८० वरच राहिलं तर तो ८२ चा करारही घसरत ८० वर येतो, म्हणजे तेल जागचं हललं नाही तरी अडीच टक्क्यांच्या आसपास गेले. असं महिन्यामागून महिने चाललं तर काय होईल बघा. ह्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात, तुमचं हेच झालंय.

काठावरचा
@सुरंगी, तत्त्व बरोबर आहे पण इथे लागू होत नाही. टंचाईच्या भीतीने तेल चढतं तेव्हा बहुतेक वेळा उलटं असतं, लोकांना तेल आत्ता हवं असतं म्हणून चालू महिना महाग आणि पुढचे स्वस्त, म्हणजे बॅकवर्डेशन. त्यात रोलओव्हरला फंडाचा फायदाच होतो. कॉन्टँगो जोरात असतो तो तेल पडून असतं आणि साठवायला जागा नसते तेव्हा, २०२० सारखा. त्यामुळे कारण दुसरीकडे शोधा.

सुरंगी
बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे. त्यांचा फंड कुठल्या महिन्याचे करार धरतो हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?

काठावरचा
नाहीच माहीत, म्हणून तर म्हणतोय की कॉन्टँगो हे उत्तर ठोकून देऊ नका. त्यातही एक गोम आहे. बातमीत दिसतो तो जवळच्या महिन्याचा भाव. लांबच्या महिन्यांचे करार तेवढे चढतच नाहीत कारण बाजार धरूनच चालतो की सहा महिन्यांत सगळं निवळेल. फंड लांबचे करार धरत असेल तर बातमीतली वाढ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय बातमीत ब्रेंट (उत्तर समुद्रातल्या तेलाचा भाव) सांगतात, फंड डब्ल्यूटीआयचा (अमेरिकन तेलाचा) असू शकतो, दोघांत अंतर पडतं.

रानवारा
तेल वाढलं की सगळ्यात आधी आपला वापर कमी करावा. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा, गाडीत उगाच वजन ठेवू नका, सिग्नलला इंजिन बंद करा. बराच फरक पडतो, मी स्वतः करते.

हिशोबी
@रानवारा ताई, चांगलं आहे पण त्यांचा प्रश्न फंडाचा आहे.
@भरतीओहोटी, कधी घेतला ते अजून सांगितलं नाहीत. आणि नावात क्रूडशिवाय अजून काय आहे? '२एक्स', 'डेली', 'लिव्हरेज्ड' असं काही, म्हणजे तेलाच्या पटीत हलणारा? पूर्ण नाव नको, एवढंच बघून सांगा.

भरतीओहोटी
हो, २एक्स डेली असं आहे. ते चांगलंच ना, तेल १० टक्के वाढलं की माझे २०. आणि घेतला तो बातमी पक्की झाल्यावर, भाव उसळला त्याच आठवड्यात, त्याच्या आधी कशाला घेणार.

गणिताचा_तास
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर निम्मे प्रतिसाद वाचले असते :)
दोन गोष्टी आहेत. पहिली, बातमीत "तेल इतकं वाढलं" म्हणतात ते बऱ्याचदा वर्षाच्या सुरुवातीपासूनचं, तुमचं मोजायचं ते तुम्ही घेतलंत त्या दिवसापासून. उसळी होऊन गेल्यावर तुम्ही आत आलात, ती वाढ तुमच्या वाट्याची नाहीच.
दुसरी जास्त महत्त्वाची. दुप्पट मिळतं ते *रोजच्या* हालचालीचं, महिन्याचं नाही. तेल १०० वर आहे समजा. आज १० टक्के पडलं, ९० झालं. उद्या परत १०० वर आलं, म्हणजे ११.१ टक्के वाढलं. तुमचा फंड १०० वरून आज २० टक्के पडून ८०, उद्या २२.२ टक्के वाढून ९७.८. तेल होतं तिथे आलं, तुमचे सव्वादोन टक्के गेले. हे दोन दिवसांचं. बातम्यांवर वर-खाली हेलकावे खाणाऱ्या बाजारात हे रोज थोडं थोडं झिजत राहतं. तेल सरळ रेषेत चढत गेलं तर हाच फंड दुपटीपेक्षाही जास्त देतो हेही खरं, पण तेल सरळ रेषेत कधी चालतं?

काठावरचा
+१. कॉन्टँगो नाही, हेच.

सुरंगी
तुमचं लांबच्या महिन्यांचंही नाही मग :) दोन्ही असू शकतं असं मी अजून म्हणते, माहितीपत्रकात बघा फंड कुठले करार धरतो ते. २०२० मध्ये काय झालं आठवतंय ना, २० एप्रिलला डब्ल्यूटीआयचा मे महिन्याचा करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, लोक तेल घेऊन जा म्हणून वर पैसे देत होते, कारण मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि ते तेल जिथे ताब्यात घ्यायचं त्या अमेरिकेतल्या कुशिंगमध्ये टाक्यांत जागा उरली नव्हती. तेव्हा मोठमोठ्या फंडांना घाईघाईने लांबच्या करारांकडे जावं लागलं आणि पुढे तेल सावरलं तरी त्या फंडांत आधीपासून असलेल्यांचं भरून यायला फार वेळ लागला. लिव्हरेजवाली काही प्रॉडक्ट्स तर बंदच करून टाकली.

जुना_खेळाडू
अहो पण म्हणून तेल वाढत नाही का? २०२२ मध्ये मार्चला ब्रेंट १३० च्या वर गेलं होतं. लिव्हरेज नको तर साधा फंड घ्या, पण तेलात राहा.

निळी_शाई
अवांतर: वीस वर्षांनी तेल लागणारच नाही, सगळं विजेवर जाणार. मी तर बॅटरीवाल्या कंपन्यांचे शेअर घेतलेत.

काठावरचा
@निळी_शाई, विमानं, जहाजं, प्लास्टिक, खतं? गाड्या म्हणजे सगळं तेल नव्हे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

हिशोबी
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले, बाकीच्या गुंतवणुकीचं संरक्षण. आणि माझा शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे, हे पैसे कधी लागणार?

भरतीओहोटी
घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवले होते. अजून वर्षभर लागणार नाहीत म्हणून म्हटलं तेवढ्यात वाढतील. बाकी इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा) आहे आणि लांब मुदतीच्या रोख्यांचा एक फंड.

हिशोबी
मग मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. वर्षभरात लागणारे पैसे तेलात नकोत, दुप्पट तर नकोच नको. घराचा व्यवहार तुमच्या तारखेला होणार, तेल तुमच्या तारखेला वर असेलच असं नाही.
हेज म्हणजे नुकसान जिथून होणार तिथे आणि तेवढंच झाकायचं. विमान कंपनी इंधनाचा भाव आधीच बांधून घेते कारण तिचा मोठा खर्च तोच असतो, अमेरिकेतल्या साउथवेस्ट ह्या विमान कंपनीने अनेक वर्षं त्यावर चांगले पैसे वाचवले. पण तेच तेल २००८ च्या शेवटी गडगडलं तेव्हा त्यांनाही त्या करारांवर तोटा दाखवावा लागला. तुमच्या घरखर्चात इंधन किती, तो आकडा आधी काढा. त्याच्या कितीतरी पट रक्कम तेलात असेल तर ते संरक्षण नाही, ती पैज आहे.
तेल भडकल्याचा तुम्हाला खरा फटका कुठे बसणार? महागाई, आणि तिच्यामागून व्याजदर. व्याजदर वाढले की हातातल्या रोख्यांचा भाव पडतो, मुदत लांब तितका जास्त. तिथे सगळ्यात कच्चा दुवा तुमचा लांब मुदतीच्या रोख्यांचा फंड आहे, त्याचं तुम्ही नाव शेवटी घेतलंत. २०२२ मध्ये शेअर आणि रोखे दोन्ही एकदमच पडले होते, अमेरिकेतला एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक वर्षात साधारण १९ टक्के खाली आणि त्यातलं एकटं ऊर्जा क्षेत्र निम्म्याहून जास्त वर. तेव्हा रोख्यांची मुदत कमी करा, महागाईशी जोडलेले रोखे मिळत असतील तर थोडे घ्या. इंडेक्स फंडात तेल कंपन्या आधीच असतात, किती टक्के ते बघा, तेवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं.

जुना_खेळाडू
१९ टक्के खाली आणि ऊर्जा वर, म्हणजे माझंच म्हणणं खरं की तेलात राहायला हवं होतं.

गणिताचा_तास
त्या कंपन्यांचे शेअर, दादा. दुप्पटवाले फ्युचर्स नव्हेत. आणि २०१४ ते २०१६ त्याच कंपन्यांचं काय झालं तेही सांगा मग, तेलाचा भाव शंभराच्या वरून तिशीच्या खाली आला होता.

भरतीओहोटी
ठीक आहे, पटलं. दुप्पटवाला उद्या पूर्ण काढतो, ते पैसे घराचे घराला. रोख्यांचं बघतो, मुदत किती आहे ते मला माहीतच नाही, काढतो. सरासरी खाली आणायचं डोक्यातून काढलं. एकच विचारायचं राहिलं, बाजार उघडल्या उघडल्या विकून टाकू का, म्हणजे कटकट संपेल?

काठावरचा
उघडल्या उघडल्या मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विका अशी) टाकू नका. रात्रीत काही बातमी आली असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावात मोठं अंतर असतं, अशा फंडात जरा जास्तच. थोडं स्थिर झालं की फंडाचं चालू मूल्य बघून लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाच्या खाली विकू नका अशी) लावा. आणि रोख्यांच्या मुदतीचा आकडा मिळाला की इथेच टाका, बघू.