मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमधल्या कॉर्डोबातल्या ख्रिस्ती लोकांना मोकळीक किती होती?

प्रश्न: दहाव्या शतकात ते बाजारात अरबी बोलत, प्रार्थना मात्र लॅटिनमध्ये. राज्यकर्ते हे चालू देत?

उत्तर: हो, जिझिया म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर भरून. नवी चर्च बांधायला आडकाठी, पण आपसांतल्या तंट्यांसाठी न्यायाधीश त्यांचेच. रेसेमुंडो बघा! खलिफा तिसऱ्या अब्द अल-रहमानच्या दरबारातला ख्रिस्ती अधिकारी, अरबी-लॅटिन दोन्हींत तरबेज. जर्मन राजा ऑटोकडे राजदूत म्हणून गेला, वर एल्विराचं बिशपपदही मिळालं. मला हा माणूस फार आवडतो.

दुसरं उत्तर: सगळंच गोडीगुलाबीचं नव्हतं हो. ८५० ते ८५९ मध्ये इस्लामविरुद्ध उघड बोलल्याबद्दल वा तो धर्म सोडल्याबद्दल अठ्ठेचाळीस जणांना देहदंड झाला.

प्रश्नकर्ता: आणि उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्यांत निघून गेलेले?

उत्तर: उत्तर स्पेनमधल्या लेओनजवळचं सान मिगेल दे एस्कालादा हे मठाचं चर्च कॉर्डोबाहून आलेल्या मठवासींनी उभारलं, ९१३ मध्ये. नालाच्या आकाराच्या कमानी आजही आहेत.