रक्तदान शिबिर गणपतीतच घ्यावं की मे महिन्यात? मंडळात वाद चाललाय

कराडकर_कार्यकर्ता
नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचं छोटं मंडळ आहे, गणपतीत दरवर्षी रक्तदान शिबिर घेतो. गेल्या वर्षी १४० बाटल्या झाल्या, पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाच्या १६० झाल्या, झालं, आता पोरांच्या डोक्यात २०० चा आकडा बसलाय आणि त्यासाठी प्रत्येकाला हेल्मेट द्यायचं म्हणतायत. वर्गणीतला बराच पैसा त्यातच जाणार.
मला वेगळंच खटकतंय. या मे महिन्यात मावशीचं ऑपरेशन होतं, ग्रुप बी निगेटिव्ह, दोन रक्तपेढ्या फिरलो, दोन्हीकडे नाही. शेवटी मंडळाच्याच एका पोराला गाडीवर घालून नेलं. तेव्हापासून वाटतंय की आपण इतक्या बाटल्या देतो त्या जातात कुठं? शिबिर मे मध्ये घेतलं तर जमेल का? कुणी केलंय का असं?

लॅबवाली
दादा, आधी एक, बाटल्या जाऊन जमाना झाला, आता पिशव्या असतात 😄 मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे म्हणून थोडं लांबट लिहिते.
तुमचं रक्त कुठं जात नाही, ते टिकत नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर राहतो, लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस. आता तुम्हीच हिशोब करा, अनंत चतुर्दशी ते दिवाळी साधारण ४५ दिवस होतात, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी घेतलेली पिशवी लक्ष्मीपूजनाला वापरता येत नाही. आणि गणपतीच्या दहा दिवसांत प्रत्येक मंडळाचं शिबिर, आमचे फ्रीज गच्च. मे मध्ये कॉलेजं बंद, लग्नं, ऊन, लोक गावाला, तेव्हा आम्हीच फोन करत बसतो, या हो कुणीतरी म्हणून.
गणपतीत गरज नसते असंही नाही. तेव्हा डेंग्यूचा सीझन असतो, प्लेटलेट लागतातच, पण त्या रोज थोड्या लागतात, एका दिवशी २०० नको. अजून एक, प्लेटलेट काढायच्या तर रक्त ६ ते ८ तासांत आमच्याकडं पोचावं लागतं, म्हणून पाहुण्यांच्या भाषणापायी गाडी अडवून ठेवू नका प्लीज.

पोपटपंची
सगळं खरं आहे हो, पण हेल्मेट नाही दिलं तर येणार कोण? आमच्याकडं एका वर्षी नुसतं सर्टिफिकेट ठेवलं, निम्मे पण आले नाहीत. आदर्श बोलायला बरा वाटतो.

लॅबवाली
@पोपटपंची गिफ्टला माझा विरोध तत्त्वाचा नाही, धंद्यातला आहे. फॉर्मवर विचारतो, कावीळ झाली होती का, वर्षभरात टॅटू काढलाय का, गोळ्या चालू आहेत का. हेल्मेट पाहिजे असणारा सगळीकडं 'नाही' लिहितो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतातच, पण लागण नुकतीच झाली असेल तर टेस्टमध्ये सापडेलच असं नाही. त्यामुळे खरं बोलणारा माणूस आम्हाला टेस्टइतकाच लागतो.

निवांत_सांगलीकर
आम्ही तीन वर्षांपूर्वी हाच घोळ घातला होता. मग मोठं शिबिर बंदच केलं म्हणून आधी शिव्या खाल्ल्या 😅 आता वर्षात चार छोटी घेतो, ३०-४० लोकांची, त्यातलं एक मे च्या पहिल्या आठवड्यात, सकाळी ७ ते ११, ऊन चढायच्या आत आटपतो. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं त्यामुळे तीच माणसं फिरून येतात, नवीन शोधायला लागत नाहीत. तारीख आपण नाही ठरवायची, रक्तपेढीला विचारायचं 'तुम्हाला कधी कमी पडतं'. पहिल्यांदा फोन केला तर पलीकडचा माणूस दोन मिनिटं गप्पच झाला, म्हणे असं कुणी विचारत नाही.
आणि निगेटिव्ह ग्रुपवाल्यांना शिबिरात घेऊच नका, त्यांची वेगळी यादी ठेवा, फोन आला की पाठवा. तुमच्या मावशीसारखी वेळ तिथंच भागते.
बायकांचं एक सांगतो, आमच्याकडं दहा आल्या तर पाच-सहा परत जायच्या, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली. बिचाऱ्या नाराज होऊन जायच्या. आता महिनाभर आधी नुसती तपासणी ठेवतो, कमी असेल त्यांना आरोग्य केंद्रात पाठवतो. मला विचाराल तर शिबिरापेक्षा हेच काम जास्त झालं.

आर्याचा_बाबा
सहसा लिहीत नाही इथं. माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वय वर्षं ९. तिला गणपती, मे, काही नसतं, तीन आठवडे झाले की चेहरा पांढरा पडायला लागतो. या मुलांना प्रोसेसिंग चार्ज माफ असतो, पैशाचा प्रश्न नाही, पिशवी असली पाहिजे एवढंच. मे मध्ये दोनदा तारीख पुढं गेली. सांगलीकर म्हणतात तसं चार वेळा घेतलंत तर बरं होईल.

कराडकर_कार्यकर्ता
सगळ्यांचे आभार, @आर्याचा_बाबा तुमची पोस्ट काल मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली, पोरं गप्प झाली जरा. ठरलं असं की गणपतीत ५० च घ्यायच्या, मग डिसेंबर आणि मे, चौथ्याचं बघू. हेल्मेट कॅन्सल, केळी आणि चहा-बिस्किट. निगेटिव्हवाले सात निघाले गावात, त्यांचा ग्रुप केला व्हॉट्सअ‍ॅपवर.
फक्त अध्यक्ष अजून नाराज आहेत. म्हणतात, पलीकडच्यांच्या बॅनरवर १६० आणि आपल्या बॅनरवर ५० छापायचं का? कुणाला काही सुचत असेल तर सांगा, प्रिंटरकडं परवा द्यायचंय.