हाइडमध्ये आवाज लावणाऱ्यांना कसं थांबवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सह्याद्रीतल्या एका पाणवठ्यावरच्या हाइडमध्ये बसलो होतो. म्हणजे लपून पक्षी बघायला केलेला हिरव्या कापडाचा आडोसा, सहा खिडक्या. मी आणि माझी नववीतली मुलगी दुर्बीण घेऊन, बाकी चौघे मोठ्या लेन्सवाले.

साडेआठला स्वर्गीय नर्तकाचा नर आला. ती पांढरी लांब शेपटी पाण्याला टेकते न टेकते तोच शेजारी शटरची खटखट सुरू झाली आणि तो उडाला. एवढं मी समजून घेतलं. पण मग एकाने मोबाइलवर नवरंग पक्ष्याचा आवाज लावला, तोही पुन्हा पुन्हा. जूनचा पहिला आठवडा, म्हणजे त्यांच्या विणीचे दिवस. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून नवरंगाचा नर जीव तोडून ओरडत फिरतो, चारापाणी सोडून. मी हळूच म्हटलं, "दादा, आवाज बंद करता का?" उत्तर आलं, "आम्ही पैसे भरलेत." मुलगी परतीच्या वाटेवर गप्पच होती.

पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं. पण हाइडमध्ये वाद घातला तर उरलेसुरले पक्षीही जातात!

अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? की हाइडवाल्या काकांना आधीच सांगून ठेवता? आवाज न लावणं, सायलेंट शटर, खिडक्यांची अदलाबदल असे नियम कुणी दारावर लावले असतील तर मजकूर पाठवा. फलक मी स्वखर्चाने छापून देईन.